त्या बाईंबद्दल मी जे सांगितलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लेकाला नाही, सुनेला नाही, धाकट्या बहिणीलाही नाही — आणि तिला तर माझ्या पोटातलं सगळं ठाऊक असतं, कोणत्या दिवशी मी भाजीत मीठ विसरले तेसुद्धा. देवापुढं हात जोडते तेव्हाही मी या गोष्टीच्या बाजूबाजूनं निघून जाते. लग्नात न बोलणारी जाऊ समोर आली की आपण ताटात बघत पुढं सरकतो ना, तसं. नऊ वर्षं झाली. आता तुम्हाला सांगायला बसले आहे. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा सोपं जाईल असं वाटलं होतं — बसल्यावर कळलं, तसं काही नसतं.

मी कौसल्या. गाव झरी, परभणीच्या जवळचं. गावात मला कौसाबाई म्हणतात, आणि माझी एक ख्याती आहे. मी 'पाहून येते'. म्हणजे कसं, कुणाच्या मुलीला स्थळ आलं की पुरुष मंडळी बैठकीत बसतात, पोहे खातात, रान किती, पाणी किती ते विचारतात. मला बायकांच्या गाडीत मुद्दाम नेतात. मी काही विचारत नाही. जे दाखवतात ते बघतही नाही. हात धुवायचं निमित्त करून मागच्या दारी जाते. तिथं रांजण आतून घासलेला आहे का, सासू आली की सून बोलता बोलता गप होते का, लेकरं अनोळखी माणसाला बघून जवळ येतात का दाराआड पळतात — एवढंच बघते. परत निघालो की सगळे माझ्या तोंडाकडं बघत बसतात. मी 'चांगलंय' म्हणाले की सोयरीक जमली. 'माझं मन घेईना' म्हणाले की विषय संपला. का, म्हणून कुणी विचारत नाही. म्हैस घ्यायची असो की मिरची, आमच्या घरात आधी मी बघायचे. आणि माझा शब्द कधी खोटा पडला नव्हता. मोठेपणा म्हणून सांगत नाही हो. हे कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून.

आता रेखाचं सांगते. रेखा माझी सून, दत्ताची बायको. ताडकळसकडची. आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, आणि बोलायला लागली की मान जराशी उजवीकडून पुढं करायची. मला वाटलं, लाजते. पहिल्या वर्षी आम्ही दोघी कापूस वेचत होतो, तेव्हा तिनं मला सांगितलं — सहावीत असताना गणित चुकलं म्हणून मास्तरानं कानशिलात मारली होती. कान सुजला, मग वाहायला लागला. पंधरा दिवस शाळा बुडली, आणि मग जायचं नाव काढलं की तिला उलटी व्हायची. बापानं म्हटलं, ऱ्हाऊ दे, शिकली तेवढं बास. डावा कान तेव्हापासून अधू. "आत्या, ह्यान्ला सांगू नका," म्हणाली. आमच्याकडं सून सासूला आत्या म्हणते. मी सांगितलं नाही. आजपर्यंत नाही. तेवढं एक मी पाळलं — पण ते मनात ठेवून मी पुढं काय केलं, ते ऐका.

थांबा. आधी तनूचं येऊ द्या. तनूशिवाय यातलं काही उभंच राहत नाही.

तनू माझी नात, रेखाची थोरली. तेव्हा सहा वर्षांची. अंगणवाडी संपत आली होती. रेखा दुपारी शिलाई मशीनवर बसायची आणि पायडल मारता मारता पोरीकडून अक्षरं गिरवून घ्यायची. आणि संध्याकाळी तनू तीच अक्षरं मला शिकवायची. खेळ होता हो तिचा. पत्र्याच्या भिंतीवर कोळशानं लिहायची, आणि मी खाली पोत्यावर मांडी घालून. मला शाळा ठाऊक नव्हती. माझ्या लहानपणी शाळा म्हणजे भाऊ ज्या वाटेनं जायचा ती वाट, तेवढंच. साठीला टेकलेली बाई मी, आणि ही एवढीशी पोर कमरेवर हात ठेवून म्हणायची, "कौसल्या, उभी ऱ्हा. 'भ' आन् 'म' मधी फरक काय सांग." मी मुद्दाम चुकायचे कधीकधी. तिला रागवायला मिळावं म्हणून. मग ती कपाळाला हात लावायची, "आता काय करू गं मी हिचं?" — सगळी रेखासारखी.

पण मुद्दाम चुकणं कमी होत गेलं. मला खरंच येऊ लागलं. एसटीवरची पाटी एक दिवस नुसती रंगाची पट्टी राहिली नाही, तिच्यातून 'परभणी' निघालं. तुम्हाला काय सांगू त्या दिवसाचं. मी बसमध्ये चढायचं विसरले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, येता का बसला का निस्तं बघता?" मी घरी येऊन तनूला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरोबर हाय. आता जोडाक्षर." माझ्या नावात जोडाक्षर आहे म्हणून मला माझं नाव अजून येत नव्हतं. "तुजं नाव अवघड हाय आज्जी, जरा दम धर." मी दम धरून होते.

अशात रेखानं शाळेचं काढलं.

परभणीत एक खाजगी शाळा होती, इंग्रजीची. गाडी झरीपर्यंत यायची, सकाळी पोरांना घेऊन जायची, संध्याकाळी टेकवायची. गावातली आठ-दहा लेकरं जायची. रेखानं शिलाईतून बाजूला टाकलं होतं, ते पहिल्या वर्षाला पुरलं असतं. पुढच्या वर्षांचं कसं, हा प्रश्न होता. आणि तसं पाहिलं तर गावातली जिल्हा परिषदेची शाळा काही वाईट नव्हती. गुरुजी वेळेवर यायचे, जीव लावायचे, खिचडीला स्वतः चव बघायचे. मग एवढा पैसा कशाला घालायचा? दत्ताचं तेच म्हणणं होतं.

"आमी काय झेडपीत शिकून वाया गेलोत का?" तो म्हणाला.

"वाया न्हाई गेलात," रेखा म्हणाली, "पण बँकेचा फॉर्म आला की अजून कोन भरून देतंय ते शोधत हिंडता."

"तेवढ्या पैशात रानात ठिबक होतंय."

"ठिबक पुढल्या साली बी होतंय. पोरगी पुढल्या साली पहिलीत ऱ्हात न्हाई."

दत्ता हसला. त्याला बायकोनं हरवलेलं आवडतं, बापासारखाच आहे. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "आईला पाठवू. आईनं बघितलं की मग ठरवू."

आणि रेखाचा चेहरा असा खुलला. "व्हय, आत्या बघतील. आत्यान्ला कळतंय."

आता बघा, इंग्रजी शाळा पाहायला कुणाला पाठवायचं — तर जिला अजून स्वतःचं नाव लिहिता येत नाही तिला. पण आमच्या घरात कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही. सोयरीक बघते तशी शाळा बघेन, त्यात काय. मी रेखाला म्हणाले, तूही चल. तर म्हणाली, "नगं आत्या. शाळेचं दार दिसलं की माजा कान वाजतोय."

मग एकटीच गेले. धुतलेलं लुगडं नेसून, पिशवीत तनूचा जन्माचा दाखला घेऊन. माझं मन तेव्हा काय म्हणत होतं, खरं सांगू? ते म्हणत होतं, शाळा वाईट निघू दे. कारण मी रात्रंदिवस तोच हिशेब करत होते, पैशांचा नाही, संध्याकाळचा. गाडीतून पोर दमून येणार. आली की तिथला अभ्यास. आणि तिची शाळा इंग्रजी झाली की ती घरी इंग्रजीच खेळणार, मग पोत्यावर बसायला मी काय कामाची? माझं नाव अजून यायचं होतं. हसू नका. म्हातारीचा लोभ असा बारीकसारीक असतो. तो सोन्याचा नसतो.

शाळेत मला कचेरीत बसवलं. मऊ खुर्ची, काचेच्या पेटीत मासे. मोठ्या बाईंनी रंगीत कागद दिला, सगळं भराभरा सांगितलं. मी मान हलवली, आणि मग माझ्या सवयीनं म्हणाले, जरा पाणी मिळेल का. शिपाईण म्हणाली आणते. म्हटलं, नको, दाखव नुसतं कुठंय, मी जाते.

मागं एक लांब ओसरी, एका बाजूला वर्ग. शेवटच्या वर्गाचं दार उघडं होतं. मी दाराशी थांबले.

पहिलीचा वर्ग. एक तरुण बाई शिकवत होत्या, पंचवीस-सव्वीसच्या असतील, सावळ्या, हनुवटीवर ठसठशीत तीळ. एक बारकी पोरगी नवीन आलेली असावी, रडून तिला हुंदके लागले होते. बाईंनी तिला गप म्हटलं नाही. उचलूनही घेतलं नाही, लाडलाड काही नाही. स्वतःच्या ओढणीचं एक टोक तिच्या मुठीत दिलं, आणि शिकवत राहिल्या. बाई फळ्याकडं गेल्या की पोरगी फळ्याकडं. बाई खिडकीकडं गेल्या की पोरगी खिडकीकडं. बाकीच्या लेकरांना त्यात काही नवल नव्हतं — म्हणजे हे रोजचं होतं, ते मला कळलं. मी असल्या गोष्टी बघायलाच तर जाते. एकदा बाई जरा लांब गेल्या, ओढणी ताणली, तर त्यांनी पोरीला ओढलं नाही. स्वतः दोन पावलं मागं आल्या. बोलणं न थांबवता. आणि जरा वेळानं पोरीनं ओढणी आपणच सोडली आणि बाकावर जाऊन बसली.

मग बाईंचं माझ्याकडं लक्ष गेलं. "या ना आजी, बसा. कुणाला बघायला आलात?"

मी म्हणाले, नात आहे, तनुजा. इथं घालायचं चाललंय.

"मग तनुजाला सांगा, खिडकीपाशी जागा ठेवते तिला."

एवढंच. मी पाणी न पिताच निघाले.

किती घरं बघितली असतील मी आयुष्यात. इतकं चोख घर मी एकही बघितलं नव्हतं. तसं स्थळ असतं तर मी गाडीत बसायच्या आधी होकार दिला असता. आणि मला आनंद झाला का? नाही. एसटीत बसले आणि मला त्या बाईंचा राग आला. हो — राग. ज्या बाईनं मला बसा म्हटलं, जिनं माझ्या नातीसाठी न बघता जागा ठेवली, तिचा. कारण मला डोळ्यांपुढं दिसत होती ती ओढणी, आणि तिचं टोक तनूच्या मुठीत. तनू तिची होणार, असं मला वाटलं. घरी येऊन 'आमच्या बाई, आमच्या बाई' करणार. आणि जी आता कमरेवर हात ठेवून मला 'कौसल्या, उभी ऱ्हा' म्हणते, ती कुणा दुसरीसारखं बोलायला लागणार.

तरी घरी पोचेपर्यंत मी खोटं ठरवलेलं नव्हतं, हे सांगते. स्वतःची बाजू घ्यायला सांगत नाही. खरंच ठरवलं नव्हतं. फार तर म्हणाले असते, महाग आहे, लांब आहे, पोर दमेल. त्यावर रेखा भांडली असती, आणि जिंकली असती. तिच्याकडं उत्तर होतं सगळ्याचं.

रेखा भाकरी थापत होती. मी उंबऱ्यात पिशवी ठेवली. तिनं परातीतले हात थांबवले, पण मागं वळली नाही. शाळा कशी, इमारत कशी, इंग्रजी कसं — काही विचारलं नाही. एकच विचारलं.

"आत्या, मारत्यात का हो तिथं?"

बघा, तिनंच दिलं माझ्या हातात. मी शोधायलाही गेले नव्हते. मला ठाऊक होतं हा प्रश्न कुठून आला — अख्ख्या घरात मला एकटीला ठाऊक होतं. बाकी कुठल्याही गोष्टीवर ती माझ्याशी वाद घालणार होती. या एकीवर नाही.

मी म्हणाले, "मारतात."

आणि मग — इथंच थांबायला पाहिजे होतं ना? एका शब्दावर? नाही थांबले. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, आणि मला भीती वाटली की हिला खरं वाटणार नाही. म्हणून मी म्हणाले, "पहिलीलाच मारतात. हनुवटीवर तीळ हाय बघ एका बाईच्या. बारकी पोरगी रडायली म्हणून उलट्या हातानं दिली तिला. इथं." आणि मी माझा हात नेऊन ठेवला — माझ्या डाव्या कानावर.

हेच ते. हेच मी नऊ वर्षं कुणाला सांगितलं नाही. खोटं तर जग बोलतं. पण मी कान निवडला. त्यातही डावा.

रेखाची तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. मग तिनं हात धुतले, फळीवरून शाळेचा तो फॉर्म काढला. कुणाकडून तरी मागून आणला होता तिनं, तनूचं नाव आणि बापाचं नाव भरून ठेवलं होतं, सुरेख अक्षरात. त्याची चौकोनी घडी घातली आणि मशीनच्या खणात ठेवून दिला. परत भाकरीपाशी बसली.

"बरं झालं आत्या, तुमी गेलात," म्हणाली. "मी गेले असते तर मला कचेरीतूनच परत धाडलं असतं. मला कुठं कळलं असतं."

दत्ताला ठिबक मिळालं. तनू गावातल्या शाळेत गेली. आणि माझी शाळा चालू राहिली. त्या दिवाळीला मला माझं नाव लिहिता आलं. बचत गटाच्या बैठकीत अंगठ्याच्या जागी मी सही केली, तेव्हा रेखानं सगळ्या बायकांना ती वही फिरवून दाखवली. "आमच्या आत्या," म्हणत होती. "आमच्या तनूनं शिकवलं." मी खाली मान घालून बसले, बायकांना वाटलं लाजते.

त्याच गटात माझं खोटं मोठं झालं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, रेखानं काळजीपोटी सांगितलं. ज्यांची लेकरं त्या शाळेत जायची त्यांना तिनं बाजूला घेऊन सांगितलं, जरा लक्ष ठेवा बाई. दोन महिन्यांनी तेच माझ्याकडं फिरून आलं तेव्हा उलट्या हाताची छडी झाली होती. आमच्या पलीकडच्या गल्लीत पंचशीला राहते, तिची लेक त्या तीळवाल्या बाईंच्याच वर्गात होती. ती मला म्हणाली, "माय, पोरगी गाडीतून उतरली की मी रोज तिचे हात उलटेपालटे करून बघते." मी विचारलं, मग, काही दिसतं का? म्हणाली, "न्हाई दिसत. पण तुमी बघितलंय म्हनल्यावर." त्या वेळी मी तोंड उघडायचं ना? माझ्या एका शब्दानं तिची रोजची संध्याकाळ सुटली असती. मी विषय काढला तुरीचा.

तुम्ही विचाराल, मग तनूचं काय झालं. तनू चांगली आहे. दहावीला आहे आता, पहिल्या पाचात असते, वक्तृत्वात बक्षीस आणते. गुरुजींनी तिच्यावर जीव टाकला. तिला इंग्रजी जड जातं, त्या पुस्तकापुढं ती जरा आखडून बसते, बाकी कशाला हार जात नाही. तिथं गेली असती तर काय झालं असतं? मला माहीत नाही. कदाचित एवढंच झालं असतं, आणि पैसे गेले असते. कदाचित जास्त झालं असतं. गावातल्या पोरी मला अजून विचारतात — मावशी, खाजगीत घालावं का, परवडतं का, त्याचं चीज होतं का? मला खरंच उत्तर येत नाही. पण हे मला कळतं, की ते उत्तर शोधायचा हक्क रेखाचा होता. तिनं शिवण शिवून तो मिळवला होता. तनू चांगली निघाली म्हणून माझं बोलणं खरं होत नाही. कधीकधी मनाला तसं पटवायला जाते, अर्ध्या वाटेवरून परत येते.

रेखा मला किती जपते, ते काय सांगू. पहिली भाकरी माझी. माझे पाय दुखले तर न सांगता तेल कोमट करून आणते. मला वाचायला लागतं म्हणून बाजारातून आणलेल्या पुड्यांचे कागद सरळ करून ठेवते. पाहुण्यांत अजून सांगते, "आमच्या आत्यानं तनूला वाचवलं." वाचवलं म्हणते ती. आणि मी तिच्याकडं बघून हसते. मी तिच्यावर जीव टाकते हो, पोटच्या लेकीसारखा. ज्या दिवशी तिच्याशी खोटं बोलले त्या दिवशीही टाकत होते. ते दोन्ही एकाच माणसात कसं बसतं, ते मला अजून उमजलेलं नाही.

आता हे सगळं आजच का सांगायला बसले, तर तनूच्या पाठीवर नऊ वर्षांनी चिऊ झाली. उशिरा झालेली, सगळ्यांची लाडकी. ती आता सहाची. यंदा पुन्हा तोच विषय निघाला, त्याच शाळेचा. गाडी आता अगदी आमच्या कोपऱ्यापर्यंत येते, रेखाचं शिलाईचं काम वाढलंय, दत्ताही आता नाही म्हणत नाही. फक्त म्हणाला, "आई, एकदा बघून ये. आता बाया बदलल्या असतील."

मी म्हणाले, गुडघे दुखतात. रेखा, तूच जा.

गुडघे दुखतातच. पण ते कारण नव्हतं. त्या ओसरीत उभं राहायची माझी छाती नव्हती. आणि दुसरं — हे तर आणखी हलकं आहे, तरी सांगते. मला वाटलं, रेखा जाईल, स्वतःच्या डोळ्यांनी बघेल, आणि तिला आपोआप कळेल. मग ती माझ्याकडं येईल, विचारेल, रागावेल, जे असेल ते. मला बोलावं लागणार नाही. माझं काम तिनं करावं, असं.

ती दोन दिवस घाबरली. मग तनूनं तिला सांगितलं, "आई, तू काय तिथं शिकायला चाललीस का? फक्त बघून ये." तेव्हा गेली, परवा. सगळी दुपार मी दारात तूर पाखडत बसले होते. साफ झालेली तूर मी पुन्हा पाखडली.

ती आली, चप्पल काढली, पदरानं घाम पुसला. तनू आत अभ्यासाला बसली होती, चिऊ तिच्या पाठीवर लोंबत होती.

"नाव घालूनच आले आत्या," रेखा म्हणाली. "तुमाला इचारायला थांबले न्हाई, राग धरू नका."

मी म्हणाले, राग कसला. कशी वाटली?

"चांगली हाय. मी बी तुमच्यासारखं केलं, पानी प्यायचं म्हनून मागं गेले." हसली जराशी. मग जवळ येऊन बसली, उजवी बाजू माझ्याकडं करून. "आन् आत्या, त्या बाई अजून हायत तिथं. तीळवाल्या. मी दारात उभी ऱ्हाऊन लय येळ बघितलं, मुद्दाम. एकदा बी हात उचलला न्हाई. आवाज बी चढवला न्हाई. पोरं निस्ती अंगावर चढायलीत त्यांच्या."

तनूनं आतून विचारलं, "मंग मला का न्हाई घातलं तिथं? मी बी चढले असते." चेष्टेनंच बोलली. पण वहीतून मान वर करून बोलली.

"तुझ्या वक्ताला मारायच्या त्या," रेखा म्हणाली. "आज्जीनं सोताच्या डोळ्यानं बघितलंय." मग माझ्याकडं वळली. "आता लेकरं झाली असतील त्यान्ला. लेकरं झाली की मानूस निवळतंय. न्हाई का, आत्या?"

मी सूप खाली ठेवलं. तनू बघत होती. रेखा बघत होती.

मी म्हणाले, "निवळतंय."

तनूनं मान खाली घातली आणि लिहायला लागली. रेखा चहा टाकायला आत गेली.

त्या बाई निवळल्या नाहीत. त्या तेव्हाही अशाच होत्या.